एकवीस विकला

मे महिना. कूलरची टाकी रात्रीतून दोनदा भरावी लागते.
वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास,
आणि पडद्यावर सत्तावीस दिवसांचा उजेड
काळ्या ठिपक्यांत मांडून ठेवलेला.
मधोमध एक रिकामी फट:
त्या दिवशी उपग्रह पृथ्वीकडे तोंड करून
साठलेलं सगळं खाली सांगत होता,
आणि सांगताना त्याला काही दिसत नव्हतं.

गच्चीवर जाऊन उपयोग नाही.
कोराडीच्या चिमण्यांवरचं आभाळ भुरकं,
आणि हा तारा निवळ रात्रीही
नुसत्या डोळ्यांना दिसला नसता.
माझ्या हाती येते फक्त बेरीज.
इतकं. इतकं. इतकं.
मग चार टक्के कमी, साडेपाच तास.
मग पुन्हा इतकं.
दोन दिवस चौदा तास एकोणतीस मिनिटांनी
तोच खड्डा.
आणि अर्ध्या वाटेवर एक उथळ खळगा,
जेव्हा लपण्याची पाळी मंद जोडीदाराची असते.

शकुन पाणी प्यायला उठली.
"काहून जागून राहिले? कोणाची लाइट गेली?"
दोघांची, म्हटलं. आळीपाळीनं.
"मग येईल," म्हणाली, आणि झोपली.

एकतीस वर्षं अंबाझरीच्या लोड डिस्पॅचमध्ये
मी याच शहराची रेघ पाहिली.
पहाटे पंप, सातला इस्त्र्या,
दुपारी सगळे कूलर मिळून एक डोंगर.
घर दिसत नाही तिथे. फीडर दिसतो.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात गिट्टीखदान फीडरवर
दर तिसऱ्या रात्री खड्डा पडायचा.
मोठं गिऱ्हाईक तिथे एकच, सूतगिरणी.
मी पत्र लिहिलं, कडक, तीन मुद्द्यांचं.
चौथ्या दिवशी गिरणीचा वायरमन आला,
निखारे, तुळशीदास निखारे,
सायकलच्या हँडलला पिशवी, पिशवीत लॉगबुक.
ग्रीसचं बोट रकान्यांवरून फिरवत म्हणाला,
"साहेब, आमचं तर सरळ चालून राहिलं.
बाजूच्या बर्फवाल्याला विचारलं का?"

नव्हतं विचारलं.
बर्फाचा कारखाना दर तिसऱ्या रात्री
कॉम्प्रेसर थांबवून
नळ्यांत साचलेलं तेल काढायचा.
पत्र मी मागे घेतलं.
माफीचं लिहिलं नाही.
तसा नमुना कार्यालयात नव्हता.

उपग्रहाचा एक पिक्सेल एकवीस विकला रुंद.
अंशाचा साठावा भाग कला,
कलेचा साठावा विकला.
ऐकायला केसाएवढं,
पण तेवढ्यात तीन तारे सहज मावतात
आणि एकमेकांच्या उजेडात मिसळून जातात.

आज तिसऱ्यांदा उजेडाचा मध्य मोजला.
खड्डा पडतो तेव्हा तो सरकतो,
पिक्सेलच्या चाळिसाव्या भागाएवढा, वायव्येला.
म्हणजे विझतं ते आग्नेयेला.
ज्याच्या नावानं अडीच महिने फाइल उघडली
तो ठळक तारा
सरळ चालून राहिला.
चौदा विकला पलीकडे एक फिका ठिपका,
यादीत ज्याला नाव नाही, नुसता लांबलचक आकडा,
ते दोघं तिथे आहेत.
शंभरातले आठ त्यांचे. त्यातले चार जातात.
मी ज्याला चिमूटभर समजत होतो
ते त्यांचं अर्धं होतं.

फाइलचं नाव बदललं.
जुन्या नावापुढे टीप लिहिली:
या ताऱ्याचा यात काही संबंध नाही.
वाचली. "काही" काढलं. परत घातलं.

कूलर कोरडा घरघरतोय.
बादली उचलली, नळ सोडला, थांबलो.
गोधनीकडून यायचा ना तो, निखारे?
तेव्हा तिकडे रस्ताही धड नव्हता,
आणि तो एप्रिलचा शेवटचा आठवडा होता,
दुपारचे अडीच.